राजर्षी शाहू छत्रपती आणि करवीरचा शेतकरी

राजेलोकांची चरित्रे वाचावयास घेतली म्हणजे आपले लक्ष साहजिकच लढाया, तह आणि दरबार ह्यांकडे प्रथम जाते. शेतास पाणी कोणी दिले, पिकलेला माल विकण्यास पेठ कोणी वसविली, दुष्काळात गुरांच्या वैरणीची तजवीज कोणी केली, ह्या गोष्टी चरित्रकार बहुधा दोन ओळींत आटोपतात. वस्तुतः ज्या देशातील बहुतेक लोक खेड्यांत राहतात व शेतीवर पोट भरतात, तेथे राज्यकर्त्याची खरी परीक्षा ह्याच गोष्टींत होत असते. म्हणून ह्या अंकात आम्ही आमच्या विद्यार्थिमित्रांपुढे व त्यांच्या वडील मंडळींपुढे एका अशा राजाचे चरित्र ठेवीत आहोत, की ज्याने तलवार न उपसता आपल्या मुलखाचे रूप पालटण्याचा प्रयत्न केला.

कोल्हापूरचे शाहू छत्रपती हे नाव महाराष्ट्रात कोणास ठाऊक नाही? मागासलेल्या वर्गांसाठी सरकारी नोकरीतील ५० टक्के जागा राखून ठेवणारा त्यांचा १९०२ सालचा हुकूम, निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी त्यांनी काढविलेली वसतिगृहे, अस्पृश्यतेविरुद्ध त्यांनी दाखविलेले धैर्य, ह्यांविषयी शाळेच्या पुस्तकांतून पुष्कळ वाचावयास मिळते. परंतु त्याच महाराजांनी खेड्यांची सांपत्तिक स्थिती सुधारण्यासाठी सरकारी तिजोरी व सरकारी अधिकार कसे वापरले, तिकडे त्या मानाने लक्ष कमी जाते. येथे त्या बाजूचाच विचार मुख्यतः करावयाचा आहे.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. त्यांचे मूळचे नाव यशवंतराव. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब हे कागल जहागिरीचे अधिपती असून पुढे कोल्हापूर संस्थानचा कारभारही पाहत असत. आई राधाबाई ह्या मुधोळच्या घोरपडे घराण्यातील. मुलगा तीन वर्षांचाही झाला नव्हता तोच, १८७७ साली, आईचे छत्र हरपले. इकडे कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज १८८३ च्या डिसेंबरात निपुत्रिक वारले. तेव्हा त्यांच्या राणीसाहेब आनंदीबाई ह्यांनी १७ मार्च १८८४ रोजी यशवंतरावांस दत्तक घेतले व त्यांचे नाव शाहू ठेवले. दोनच वर्षांनी, १८८६ साली, जन्मदाते वडीलही निवर्तले. अशा रीतीने बाराव्या वर्षी राजपद डोक्यावर आणि आईबापांची सावली मात्र नाही, अशी त्या बालकाची स्थिती होती.

त्यांचे शिक्षण प्रथम राजकोटच्या राजकुमार कॉलेजात व नंतर धारवाडास फ्रेझर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली झाले. फ्रेझर ह्यांनी पुस्तकी विद्येबरोबरच राज्यकारभाराचा अभ्यासही करवून घेतला व हिंदुस्थानच्या निरनिराळ्या भागांत प्रवास घडविला. २ एप्रिल १८९४ रोजी, विशी ओलांडण्यापूर्वीच, महाराजांनी राज्याची सूत्रे हाती घेतली.

आता ज्या मुलखाची जबाबदारी त्यांच्यावर आली तो कसा होता, हे ध्यानात घेतले पाहिजे. १९०१ च्या खानेसुमारीप्रमाणे संस्थानची वस्ती सुमारे ९ लाख १० हजार होती व तीतील बहुसंख्य लोक शेतीवर जगणारे होते. संस्थानच्या पश्चिमेस सह्याद्रीची रांग. तेथे पावसाळ्यात मुसळधार पाऊस कोसळतो. त्या डोंगरांतून निघालेल्या कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती ह्या नद्या एकत्र येऊन पंचगंगा होते, आणि पंचगंगा पुढे नरसोबाच्या वाडीस कृष्णेस मिळते. पावसाळ्याचे चार महिने दुथडी भरून वाहणाऱ्या ह्या नद्या उन्हाळ्यात रोडावत. जसजसे पूर्वेकडे जावे तसतसा पाऊसही कमी. म्हणजे पाणी होते, परंतु ते हवे तेव्हा नव्हते आणि हवे तेथेही नव्हते. ज्या वर्षी पावसाने डोळे वटारले, त्या वर्षी शेतकऱ्याने सावकाराच्या दारी जावे, हाच परिपाठ.

राज्यारोहणास अडीच वर्षे होतात न होतात तोच महाराजांवर पहिला कठीण प्रसंग आला. १८९६ साली पाऊस फसला व दुष्काळ पडला. त्या वेळी महाराज अवघे २२ वर्षांचे होते. त्यांनी राजवाड्यात बसून कागद न पाहता स्वतः गावोगाव हिंडून स्थिती अवलोकन केली. संस्थानाबाहेरून धान्य आणवून स्वस्त भावाची दुकाने उघडविली, शेतकऱ्यांस तगाई दिली, रस्ते व तलाव ह्यांची कामे काढून लोकांस मजुरी मिळवून दिली. गुरांसाठी सरकारी राने चराईस मोकळी केली व वैरणीची तजवीज केली. कामावर येणाऱ्या मजूर बायांच्या तान्ह्या मुलांचे हाल होतात हे पाहून त्यांच्यासाठी शिशुगृहेही काढविली. सरकारी हुकमात तान्ह्या लेकराची आठवण ठेवणारा अधिकारी विरळाच. ह्या एका गोष्टीवरून महाराजांची दृष्टी कोठवर पोहोचत होती हे दिसून येते.

दुष्काळ ओसरला, परंतु त्याचा धडा महाराज विसरले नाहीत. संकट आल्यावर अन्नछत्र घालणे हे दयेचे काम खरे. पण संकट येण्यापूर्वीच विहिरी, तलाव व बंधारे बांधणे हे शहाणपणाचे काम होय. त्यांची पुढील सर्व कामे पाहिली असता हाच विचार त्यांच्या मनात घर करून बसला असावा असे वाटते. १९०२ साली त्यांनी संस्थानासाठी पाटबंधाऱ्यांचे धोरण ठरविले व त्या कामी एक स्वतंत्र अधिकारी नेमला. गावोगावच्या विहिरी व तळी ह्यांची पाहणी झाली, मोडकळीस आलेल्यांची दुरुस्ती हाती घेण्यात आली व नव्या कामांच्या योजना तयार होऊ लागल्या.

ह्या सर्व योजनांत शिरोमणी ठरलेली योजना म्हणजे राधानगरीचे धरण. दाजीपूरच्या दाट अरण्याजवळ, फेजिवडे गावानजीक, भोगावती नदी डोंगरांच्या कुशीतून बाहेर पडते. तेथे नदीस दगडी बांध घालून पावसाळ्याचे पाणी अडवावे व उन्हाळ्यात ते नदीवाटे खालच्या गावांस सोडावे, असा विचार ठरला. जवळच महाराजांनी नवे गाव वसविले व आपली कन्या राधाबाई ऊर्फ अक्कासाहेब ह्यांच्या नावावरून त्यास राधानगरी हे नाव दिले; जलाशयास महाराणी लक्ष्मीबाईंच्या नावावरून लक्ष्मी तलाव म्हणू लागले. धरणाचे काम १९०९ साली सुरू झाले. एवढे प्रचंड काम एका मध्यम उत्पन्नाच्या देशी संस्थानाने आपल्या हिमतीवर अंगावर घ्यावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. ज्या रानात पायवाटेखेरीज दुसरी वाट नाही, तेथे मजूर, दगड, चुना व अन्नसामग्री पोहोचवावयाची, वर्षातील पावसाळ्याचे महिने काम बंद ठेवावयाचे, आणि दरसाल तिजोरीतून रक्कम बाजूस काढावयाची, असा तो व्याप होता.

परंतु नुसते पाणी दिले म्हणजे शेतकरी सुखी झाला असे होत नाही, हे महाराजांनी ओळखले होते. ह्याचे उदाहरण म्हणून कोल्हापूरच्या गुळाकडे पाहू. आमच्या वाचकांपैकी ज्यांनी गुऱ्हाळ पाहिले असेल त्यांस ठाऊकच आहे, की ऊस तोडल्यावर तो ठेवून चालत नाही. लगेच घाण्यात घालावा लागतो. रस काहिलीत ओतून चुलवाणावर आटवितात, गुळव्या त्याचा पाक ओळखून काहील उतरवितो, आणि मग गुळाचे रवे पडतात. हा गूळही घरात फार दिवस ठेवण्याची सोय नसते. हवेत ओल आली की तो पाझरू लागतो व त्याचा रंग बिघडतो. तेव्हा शेतकऱ्यास तो लवकर विकणे भाग पडते; आणि ज्यास विकण्याची घाई, त्यास भाव ठरविण्याचा अधिकार राहत नाही. जवळ मोठी पेठ नसेल व गिऱ्हाईक एकच असेल, तर वर्षाचे कष्ट मिळेल त्या किमतीस जातात.

कोल्हापूरपर्यंतची आगगाडी १८९१ साली सुरू झाली होती. ह्या संधीचा फायदा घेऊन, राज्यसूत्रे हाती आल्यावर दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १८९५ साली, महाराजांनी स्टेशनानजीक शाहूपुरी ही व्यापारी पेठ वसविली. व्यापाऱ्यांस जागा व सवलती देऊन तेथे दुकाने थाटण्यास उत्तेजन दिले. पुष्कळ व्यापारी एके ठिकाणी आले म्हणजे त्यांच्यात चढाओढ लागते व मालास रास्त भाव मिळतो. शिवाय आगगाडीमुळे तो माल दूरवर जातो. हळूहळू ही पेठ गुळाच्या व्यापारासाठी प्रसिद्धीस आली आणि कोल्हापुरी गूळ हे नाव सर्वतोमुखी झाले. पूर्वेकडील शिरोळ भागासाठी महाराजांनी पुढे १९१७ साली आगगाडीच्या रस्त्यावरच दुसरी पेठ वसविली व आपल्या जन्मदात्या वडिलांच्या स्मरणार्थ तिचे नाव जयसिंगपूर ठेवले. आज ते एक भरभराटीचे गाव आहे.

पाणी झाले, पेठ झाली. पण बी-बियाणे व बैल घेण्यास भांडवल कोठून आणावे? ते सावकाराकडून जबर व्याजाने आणले, तर पेठेत मिळालेला भाव पुन्हा सावकाराच्या पेटीत जावयाचा. ह्यावर उपाय म्हणून १९१२ च्या सुमारास संस्थानात सहकारी पतपेढ्यांचा कायदा करण्यात आला. दहा गरिबांस एकेकटे कोणी उभे करीत नाही. परंतु तेच दहाजण एकमेकांची हमी घेऊन, थोडे थोडे भांडवल जमवून, आपसांत माफक व्याजाने देऊ-घेऊ लागले म्हणजे त्यांची पत वाढते. सहकाराचे मर्म एवढेच आहे. कोल्हापूर जिल्हा पुढे सहकारी चळवळीचे माहेरघर म्हणून गाजला, त्याची पहिली मुळे ह्या काळात रुजली.

शेतकीच्या सुधारणेकडेही महाराजांचे लक्ष होते. १९१२ साली कोल्हापुरात किंग एडवर्ड ह्यांच्या नावाने शेतकी संस्था निघाली. नवी अवजारे व नवी पिके लोकांस प्रत्यक्ष दाखविण्याची व्यवस्था झाली. जनावरांची प्रदर्शने भरू लागली. पन्हाळ्याच्या थंड हवेत चहा व कॉफी ह्यांची लागवड करून पाहण्यात आली. तसेच केवळ शेतीवर सर्वांचा भार पडू नये म्हणून १९०६ साली कोल्हापुरात कापसाचे सूत काढण्याची व कापड विणण्याची श्री शाहू छत्रपती मिल स्थापन झाली व तीमुळे अनेक कुटुंबांस रोजगार मिळाला.

ह्या सर्व गोष्टी सारख्याच यशस्वी झाल्या असे म्हणणे सत्यास धरून होणार नाही. पन्हाळ्याचा चहा हा काही मोठा धंदा होऊ शकला नाही. शाहू मिल अनेक वर्षे चालून नंतर बंद पडली. सरकारने हाती घेतलेले प्रत्येक काम फळास येतेच असे नाही. हवा, बाजारभाव, काळाची गती ही सरकारच्या हुकमात नसतात. तथापि दहा झाडे लावावीत तेव्हा चार जगतात, हे ज्यास समजते तोच बाग फुलवितो. सहा वाळतील म्हणून एकही न लावणारा मनुष्य चुकत नाही हे खरे, पण त्याच्या अंगणात सावलीही नसते.

खेड्यांच्या सुधारणेस आणखी एक मोठी अडचण होती, ती गावाच्या जुन्या व्यवस्थेत होती. गावचा हिशेब व जमिनीचे दप्तर वंशपरंपरेने कुळकर्ण्यांच्या हाती असे. लिहिता-वाचता न येणाऱ्या कुणब्यास आपल्या नावावर काय लिहिले आहे ते कळत नसे. महार बंधूंस वतनाच्या तुटपुंज्या जमिनीच्या मोबदल्यात सरकारची व गावाची पडतील ती कामे करावी लागत. त्यांचा दिवसच त्यांचा स्वतःचा नसे. १९१८ साली महाराजांनी कुळकर्णी वतने बंद करून पगारी तलाठी नेमण्याचे ठरविले, आणि महार वतनाच्या जमिनी त्या त्या कुटुंबांच्या नावे रयतावा करून दिल्या. त्यानंतरच्या काळात वेठबिगारही बंद करण्यात आली. ह्या हुकमांमुळे पुष्कळ प्रतिष्ठित मंडळी दुखावली व महाराजांवर टीकेचा भडिमार झाला. परंतु ज्याचे हात दुसऱ्याच्या कामास जुंपलेले आहेत त्यास पाणी व पेठ देऊन काय उपयोग? आधी त्याचे हात मोकळे केले पाहिजेत, हा त्यांतील न्याय सरळ होता.

ह्याच न्यायाने शिक्षणाचाही विचार झाला. १९१७ साली महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा हुकूम काढला. जे आईबाप मुलांस शाळेत पाठविणार नाहीत त्यांस दरमहा एक रुपया दंड करण्याची त्यात तरतूद होती. त्या काळी एक रुपया म्हणजे गरिबास किती मोठी रक्कम, हे आमच्या वाचकांच्या घरच्या वृद्ध माणसांस विचारले असता ती आपल्या आईबापांकडून ऐकलेले सांगू शकतील. दंड कठोर वाटतो. परंतु पतपेढीचा कागद, पेठेतील पावती, तलाठ्याचा उतारा हे ज्यास वाचता येत नाहीत त्याचे नुकसान त्या रुपयाहून किती तरी अधिक होत असते. पाणी, पेठ, पत, मोकळे हात आणि अक्षरज्ञान ही पाच बोटे मिळून मूठ होते. ह्यांतील एकही उणे पडले तर बाकीची दुबळी ठरतात. महाराजांच्या कारभाराचे सार आम्हांस ह्यातच दिसते.

इकडे राधानगरीच्या धरणाचे काय झाले? पहिले महायुद्ध सुरू झाले, महागाई वाढली, आणि संस्थानच्या तिजोरीवर ताण पडला. १९१८ च्या सुमारास बांध सुमारे ४० फूट उंच झाला असता पैशाच्या टंचाईमुळे काम थांबले. ते पुन्हा सुरू झालेले पाहण्याचे महाराजांच्या नशिबी नव्हते. ६ मे १९२२ रोजी, वयाच्या ४८ व्या वर्षी, मुंबईस त्यांचे देहावसान झाले. ज्या कामावर त्यांचा सर्वांत अधिक जीव होता, ते त्यांच्या डोळ्यांदेखत अर्धवटच राहिले.

अर्धवट राहिलेले बांधकाम म्हणजे लोकांच्या थट्टेचा विषय होतो. तरुण वाचकांनी क्षणभर कल्पना करावी, की त्या अरण्यात वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या त्या अपुऱ्या भिंतीकडे पाहून कोणासही राजाचा पैसा पाण्यात गेला असे वाटणे शक्य होते. परंतु पाया खोल व पक्का असेल तर भिंत वाट पाहू शकते. देश स्वतंत्र झाला, १९४९ साली कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि त्यानंतर, १९५७ च्या सुमारास, हे धरण पूर्ण झाले. ८ अब्ज घनफुटांहून अधिक पाणी त्यात साठते. त्याचे सात दरवाजे पाण्याचा दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की आपोआप उघडतात व दाब कमी झाला की आपोआप मिटतात. ते पाहण्यास लोक दुरून येतात. धरणातून सोडलेले पाणी भोगावतीतून पंचगंगेत येते, वाटेत ठिकठिकाणच्या बंधाऱ्यांनी अडविले जाते, व तेथून शेतकरी पंपांनी ते उचलून आपापल्या शेतांस देतात. त्या पाण्यावर ऊस वाढला, उसावर सहकारी साखर कारखाने उभे राहिले, आणि जो प्रदेश एके काळी उन्हाळ्यात तहानेने व्याकूळ होत असे तो महाराष्ट्रातील सधन प्रदेशांत गणला जाऊ लागला.

आज त्या पाण्याबरोबर नवे प्रश्नही आले आहेत. अतोनात पाणी दिल्याने शिरोळ भागातील पुष्कळ जमिनी क्षारपड झाल्या. २०१९ व २०२१ सालच्या महापुरांनी पंचगंगेकाठी हाहाकार उडविला. पूर्वजांनी पाणी मिळविले. ते बेताने व शहाणपणाने वापरण्याचे काम पुढील पिढीकडे, म्हणजे आमच्या वाचकांकडेच, आले आहे. एका पिढीचे उत्तर हे दुसऱ्या पिढीचा प्रश्न होते, हा जगाचा नियमच आहे, आणि त्यात निराश होण्याचे कारण नाही.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी कित्येकजण उद्या सरकारी अधिकारी, इंजिनियर, शिक्षक, व्यापारी वा शेतकरी व्हाल. कोणाच्या हाती गावाचा कारभार येईल, कोणाच्या हाती तालुक्याचा. त्या वेळी केवळ आपल्या कारकिर्दीत पुरी होतील व आपल्या नावाची कोनशिला बसेल एवढीच कामे हाती घेण्याचा मोह प्रत्येकास होईल. अशा वेळी भोगावतीच्या काठी ४० फुटांवर थांबलेल्या त्या दगडी भिंतीची आठवण ठेवा. आणि पालकांस आमची एवढीच विनंती आहे, की सुट्टीत कोल्हापुरास जाण्याचा योग आला तर मुलांस राजवाडा व रंकाळा दाखवून परत फिरू नये; त्यांस एकदा राधानगरीस न्यावे, गुळाच्या हंगामात एखादे गुऱ्हाळ दाखवावे, आणि मार्केट यार्डात सकाळी गुळाचा सौदा कसा होतो तेही पाहू द्यावे. राजाचे चरित्र तेथे रोज नव्याने वाचावयास मिळते.